नंदी मागेच राहिला

भाचा नांदेडच्या विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करायलाय. परवा औंढ्याच्या एसटी स्टँडसमोर भेटला, हातात झेरॉक्सच्या नोट्स. पहिल्याच पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘पारंपरिक सुरक्षा’, उजवीकडे ‘अपारंपरिक सुरक्षा’. डावीकडे राज्यसंस्था, सीमा, फौज, शस्त्रं. उजवीकडे माणूस, भूक, रोगराई, हवामान, पाणी.

“फरक स्पष्ट करा. हमखास येतो बघा मामा.”

मी विचारलं, “आणि ज्याच्या एका अंगाला सीमा आहे अन् दुसऱ्या अंगाला भूक, त्याला कुठं बसवायचं?”

“तो सिलॅबसमधी नाही,” भाचा म्हणाला आणि चहात खारी बुडवली.

डाव्या रकान्याचा इतिहास झटपट उरकतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ साली ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ लिहून सांगितलं, की राष्ट्रं सत्तेसाठी झगडतात. १९७९ साली केनेथ वॉल्ट्झ यांनी त्याला पक्का सांगाडा दिला : जगाला पाटील नाही, तेव्हा ज्यानं त्यानं आपली काठी आपण सांभाळावी. याला पुस्तकात वास्तववाद म्हणतात. आमच्याकडे बांधावरचं भांडण म्हणतात. शेजाऱ्यानं विळ्याला धार लावली म्हणून आपण कुऱ्हाड आणायची, आपली कुऱ्हाड बघून त्यानं मेहुण्यांना बोलवायचं, आणि दोघांनीही तहसीलमध्ये शपथेवर सांगायचं की मी फक्त स्वतःच्या बचावासाठी. या कोंडीवर अमेरिकेत माणसं प्राध्यापक झाली. आमची अजून तारखाच करतात.

औंढ्याला तर असला वाद घरचाच. नागेश ज्योतिर्लिंग दारुकावनात, एवढं ठरलेलं. दारुकावन कुठं, हे ठरलेलं नाही. द्वारकेजवळचे म्हणतात आमचं, उत्तराखंडातले जागेश्वरवाले म्हणतात आमचं, आणि आम्ही म्हणतो की वाद कसला, या आणि बघा. तीन दावेदार, एकच प्रदेश, माघार कोणाचीच नाही. वास्तववाद्यांना असाच प्रश्न हवा असतो. फरक इतकाच, की इथं फौजा श्रावणी सोमवारी जमतात आणि बेलपानं घेऊन जमतात.

पण या भागातल्या म्हाताऱ्यांना आंतरराष्ट्रीय सुरक्षा शिकवायला कोणी जाऊ नये. ते स्वतःच एकेकाळी सुरक्षा परिषदेच्या कार्यसूचीवर होते.

चेष्टा नाही. औंढा तेव्हा निजामाच्या राज्यात. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारनं भारताविरुद्ध थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १६ तारखेला परिषदेनं विषय चर्चेला घेतला, आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. म्हणजे पंचायत बसेपर्यंत बांध मोजून झाला होता. ‘हैदराबाद प्रश्न’ मात्र त्या परिषदेच्या यादीवर पुढं कित्येक दशकं तसाच पडून राहिला. ज्यांचा सातबाऱ्याचा फेरफार अडकलाय त्यांनी धीर धरावा, न्यूयॉर्कलाही असंच चालतं.

त्या मोहिमेत रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल जे. एन. चौधरी होते. आणि आपण तिला नाव काय दिलं? पोलीस ॲक्शन. लष्करी म्हटलं तर मामला दोन देशांचा होतो, पोलिसी म्हटलं तर घरातला. पुढं सत्तेचाळीस वर्षांनी, १९९५ साली, डेन्मार्कच्या ओले वेव्हर यांनी सिद्धांत मांडला, की एखादी गोष्ट ‘सुरक्षेचा प्रश्न’ असते ती कोणीतरी वजनदार माणूस तसं म्हणतो म्हणून. कोपनहेगनचा संप्रदाय म्हणून तो जगभर शिकवतात. आमच्या आजोबांना तो पोलीस ॲक्शन या दोन शब्दांतच कळला होता. त्यांना पीएच.डी. मिळाली नाही, एवढंच.

आता निजामाच्या राज्यातून झालेल्या या मुक्तीचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? डावीकडे मांडला तर सरळ आहे : चार-पाच दिवसांची मोहीम, संस्थान विलीन, देश अखंड. आनंदच आहे, दर १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदनही करतो. उजवीकडे मांडायला बसलं की हात थबकतो. आधी निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी गावंच्या गावं होरपळली. मग फौजा आल्यावर आणि नंतर सूड उगवला गेला तो मुसलमान वस्त्यांवर, आणि त्यातल्या कित्येकांनी रझाकार जन्मात पाहिला नव्हता. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज होता मेलेल्यांची संख्या किमान २७ ते ४० हजार, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचा नांदेड होता. अहवाल काही दशकं कपाटात राहिला. राज्य सुरक्षित झालं होतं, त्यामुळे माणसांबद्दलचा कागद वाचायची कोणाला घाई नव्हती.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, एवढं लिहिलं तर पुरवणी लागंल.”

उजवा रकाना जन्मला तो १९९४ साली. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात ‘मानवी सुरक्षा’ हा शब्द आला आणि त्यामागं होते महबूब उल हक. पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री. हो, पाकिस्तानचे. त्यांचं म्हणणं असं, की देशाच्या सीमेवर कोणी आलं नाही म्हणून आतला माणूस सुरक्षित होत नाही. पोट, पगार, तब्येत, हवा-पाणी, अंगावरचा हात, जमात, मत मांडायची मुभा, अशा सात अंगांनी त्याला भीती असते. फार साधी गोष्ट. कुठल्याही सुनेला ठाऊक असलेली. पण ती संयुक्त राष्ट्रांच्या छापील कागदावर आल्यामुळे ज्ञान झाली. १९९८ च्या मे महिन्यात भारतानं पोखरणला आणि पाकिस्ताननं चागाईला अणुस्फोट केले, दोन्हीकडे पेढे वाटले गेले, आणि जुलैत हक वारले. सुरक्षेच्या व्याख्येत पोट घालणाऱ्या माणसाला शेवटी हे बघून जावं लागलं.

आपल्या नववीच्या राज्यशास्त्रातही ‘भारताची सुरक्षा व्यवस्था’ या धड्यात मानवी सुरक्षा आहे. पोरं पाठ करतात. धड्याचा मोठा भाग मात्र भूदल, नौदल आणि हवाईदलाचा.

इथं आम्हाला आमचं देऊळ आठवतं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संत नामदेव औंढ्याला आले, देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, आणि त्यांना तिथून उठवलं गेलं. नामदेव गुमान मागच्या बाजूला जाऊन बसले. मग देऊळच फिरलं. तोंड नामदेवांकडे. त्या देवळात जाऊन बघा, महादेवाच्या समोर असायला हवा तो नंदी समोर नाही, मागं आहे. देव फिरला, नंदी फिरला नाही.

माझं म्हणणं सगळं इतकंच आहे. १९९४ साली सुरक्षेचं देऊळ माणसाकडे फिरलं, अगदी वाजतगाजत फिरलं. पण नंदी, म्हणजे पैसा, फौजफाटा, फायली, बंदोबस्त, हे सगळं जुन्या जागी बसून जुन्याच दिशेला बघतंय. केंद्राच्या २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ६ लाख २१ हजार कोटींच्या वर, आणि आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९१ हजार कोटी. (आरोग्य हा राज्यांचा विषय आहे हे मला माहीत आहे. पत्रं पाठवू नका.)

संरक्षणाचा पैसा कमी करा, असं मी म्हणत नाही. गल्लीत दांडगा शेजारी असला की दाराला कडी लागतेच. पण कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले, त्यांची नावं दगडावर कोरली गेली, आणि ते योग्यच झालं. त्याआधी सहा वर्षं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि किल्लारी पडली. सरकारी आकडा ७,९२८. शत्रू नव्हता. भिंती होत्या, दगड आणि मातीच्या, चांगल्या जाडजूड, त्यावर मातीचं धाबं. त्या भिंतींचा धोका कोणाच्या नकाशावर लाल रंगानं दाखवलेला नव्हता. आजही तसलीच माळवदं आमच्याकडे किती गावांत उभी आहेत, हे बघायला कुठल्या उपग्रहाची गरज नाही, वसमत-औंढा गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली तरी पुरे.

आणि जमीन तर हलतेच आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात काही वर्षांपासून जमिनीतून गुरगुर ऐकू येते. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, दहाएक मिनिटांत दुसरा. १० जुलैला पुन्हा ४.५. त्या मार्चच्या सकाळी माझ्या एका पुण्याच्या स्नेह्याचा फोन आला. घाबराघुबरा. “अरे, लिगोला काही झालं नाही ना?”

लिगोचं यंत्र तेव्हा यायचंच होतं. आम्ही होतो. पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या नकाशावर औंढ्याची खूण लिगोमुळेच होती.

लिगोचं सांगायलाच हवं, कारण आंतरराष्ट्रीय म्हणावं असं औंढ्यात आज तेच आहे. तालुक्यातल्या दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, काटकोनात. केंद्राची मंजुरी २,६०० कोटींची. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याचा थरथराट या भुजांच्या टोकांवरचे आरसे टिपणार, तोही प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाइतका. एवढं नाजूक यंत्र म्हटल्यावर त्याची सुरक्षेची व्याख्या किती रुंद असेल बघा. ट्रक हा धोका, रेल्वे हा धोका, खाणीचा सुरुंग हा धोका, दूरच्या समुद्राची लाट हाही धोका. कोपनहेगनचं काय घेऊन बसलात, लिगोइतका अपारंपरिक विचार सुरक्षेचा कोणीच केलेला नाही.

या यंत्राची दोन भावंडं अमेरिकेत आहेत. त्यातलं एक हॅनफर्डला. हॅनफर्ड म्हणजे जिथल्या प्लुटोनियमनं नागासाकीचा बॉम्ब भरला गेला, तेच ठिकाण. डाव्या रकान्याचं तीर्थक्षेत्रच म्हणा ना. बॉम्ब टाकून झाला, महायुद्ध संपलं, मग शीतयुद्ध सुरू झालं आणि संपलं, ज्याच्या भीतीनं प्लुटोनियम करत राहिले तो सोव्हिएत देशसुद्धा उरला नाही. उरल्या त्या किरणोत्सारी गाळानं भरलेल्या १७७ भूमिगत टाक्या. काही गळतात. शेजारून कोलंबिया नदी वाहते. नदीकाठच्या माणसांना आता कुठल्या रकान्यातला धोका आहे? डाव्या हातानं जे राखलं तेच उजव्या बाजूनं झिरपतंय.

आणि आपली गंमत आणखी वेगळी. लिगो-इंडियाची पायाभरणी ११ मे २०२३ ला झाली. तारीख ओळखीची वाटते? पोखरणचा दुसरा अणुस्फोट, ११ मे १९९८. त्या दिवसाला आपण राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन म्हणतो. त्या स्फोटांनंतर ज्या अमेरिकेनं आपल्या अणुऊर्जा खात्यावर निर्बंध लादले, तिच्याच सहकार्यानं त्याच खात्याच्या देखरेखीखाली आता विश्वाचा कानोसा घेणारं हे यंत्र बसणार. चांगलंच आहे. भुजा बॉम्बपेक्षा बऱ्या.

तोवर दुधाळ्यापासून थोड्या अंतरावर काय चाललंय? २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या दहा शेतकऱ्यांनी सरकारला दरपत्रक पाठवलं. पीककर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या. किडनी ७५ हजार, लिव्हर ९० हजार, डोळे २५ हजार. दर माफक होते. हक साहेबांच्या अहवालातली सातपैकी निदान चार अंगं त्या एका कागदात होती. त्यावर चॅनेलवाले आले, आश्वासनं आली, आणि मग दुसरी बातमी आली.

कर्ज का फिटत नाही, हे विचारायला मॉस्कोपासून सुरुवात करावी लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, जगाचा खताचा बाजार भडकला. चीननं तर त्याआधीपासूनच स्वतःचं खत बाहेर पाठवण्यावर आडकाठी घातली होती. इथं डीएपीचं पोतं कागदावर १,३५० रुपयांनाच आहे. पेरणीच्या तोंडावर दुकानात ते नसतं, आणि असलं तर लिंकिंगमध्ये. म्हणजे नको असलेल्या दोन बाटल्या घ्या, तर पोतं मिळेल. तिकडून सोयाबीन विकायला न्यावं तर परदेशी तेलानं भाव पाडलेला. २०२४ चा हमीभाव ४,८९२, मोंढ्यात चार हजाराच्या आसपास हात लागत होता. आता सांगा, हे पोतं पारंपरिक का अपारंपरिक? रणगाडा तिकडे फिरला, चाक इथं रुतलं. ज्या शेतकऱ्यानं जगाचा नकाशा उघडून पाहिला नाही, त्याच्या उंबऱ्यापर्यंत आंतरराष्ट्रीय सुरक्षा चालत आलीय, आणि विद्यापीठात अजून मधली रेघ पट्टीनं सरळ मारतात.

इतकं बोलल्यावर माझा पक्ष उजवा रकाना, असं भाच्यानं ठरवून टाकलं. थांब म्हटलं. औंढ्यातली दुसरी कथा राहिली.

गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्यावर ते गुरू शोधत इथं आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, मला म्हाताऱ्याला उठवत नाही, जिथं देव नाही तिथं तूच माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि जिकडे ठेवावे तिकडे पिंड. सगळीकडे देव. अध्यात्मात ही पोहोचलेली अवस्था आहे. राज्यशास्त्रात हा घोटाळा आहे. स्टीफन वॉल्ट यांनी १९९१ मध्ये हाच आक्षेप घेतला होता : प्रदूषण, रोग, मंदी, सगळंच सुरक्षा म्हणायला लागलात तर पाय ठेवायला जागा कुठं उरली? आणि शब्दाला अर्थ तरी काय उरला?

वॉल्ट यांना ज्याची भीती होती त्याहून वाईट गोष्ट आम्ही मराठवाड्यात पाहिली. शब्दाचा अर्थ गेला तर गेला, पण शब्दाबरोबर जो माणूस येतो तो कसा येतो, ते बघा. २०१६ चा उन्हाळा, लातूर. पाणी संपलं. पाणी हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हे पुस्तकातलं वाक्य प्रशासनाला एकदम पटलं. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या जागांभोवती १४४ कलम लागलं. पाचजण जमायचे नाहीत. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघून लातूरला पोहोचली एप्रिलच्या १२ तारखेला, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आधी पोलीस, मग पाणी. घागर घेऊन उभी असलेली बाई त्या काही आठवड्यांत राष्ट्राच्या दृष्टीनं काय होती? जिला राखायचं ती, का जिच्यापासून राखायचं ती?

म्हणून म्हणतो, रकाना रुंद करून भागत नाही. उजवीकडच्या यादीत भूक घातली आणि ती हाताळायला डावीकडचाच माणूस डावीकडचीच काठी घेऊन आला, तर भुकेलेल्याला त्यापेक्षा यादीबाहेर राहणं परवडतं. दुष्काळाला मला पाटबंधारेवाला हवा, रोजगार हमीवाला हवा, चारा छावणीचं बिल वेळेवर काढणारा बाबू हवा. बंदूकवाला सीमेवर बरा, तिथं त्याची गरजही आहे आणि त्याला मानही आहे.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं, खारीचा चुरा झटकला आणि मुद्द्याचं विचारलं. “मामा, परीक्षेत काय लिहू?”

रेघ मार आणि दोन्हीकडे सहा-सहा मुद्दे लिही, म्हटलं. तपासणाऱ्यालाही दिवसाला गठ्ठा संपवायचा असतो.

तुम्ही औंढ्याला आलात तर दर्शन घेऊन तसेच परतू नका, मागं जाऊन नंदीलाही भेटा. आणि नागनाथ तळघरात आहे, पायऱ्या अरुंद आहेत, दगड खाली आलाय. उतरताना डोकं सांभाळा.